सरकारचे धोरण, समाजाची रीत आणि मलबारचा अनुभव

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



बक्षीस समारंभाच्या पाहुण्याने मुलांना मेहनत करा म्हणावे, पालकांना मुलांकडे लक्ष द्या म्हणावे आणि चहा घेऊन निघावे, अशी रीत आहे. ते काम आपले शिक्षक वर्षभर करीतच असतात. म्हणून आपल्या परवानगीने मी आज थोडा निराळा विषय घेतो. एखाद्या राज्यातील माणसे चांगली जगतात, ती कशामुळे? सरकारने धोरण चांगले आखले म्हणून, की त्या लोकांना तसे वळणच होते म्हणून? या प्रश्नावर आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, सरकारच काही करीत नाही तर आम्ही काय करणार? दुसरे म्हणतात, आपला समाजच असा, त्याला कोण काय करणार? या दोघांची मते परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघेही शेवटी घरीच बसतात, ही त्यातली गंमत आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आपल्याला केरळात, आणि त्यातही मलबारात घेऊन जाणार आहे. एवढ्या लांब कशाला, असे कोणी म्हणेल. पण मलबार आपल्याला तितके परके नाही. आपली घरे ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेली असतात, त्या दगडाला 'लॅटराईट' हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने दिले, ते १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात, आणि तेही मलबारातील अंगाडीपुरम येथील दगड पाहून. खाणीतून निघताना मऊ, आणि वाऱ्यावर पडला की कठीण, असा हा दगड आपल्याला काही नवा नाही. आज अंगाडीपुरम मलप्पुरम जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यात शंभरांतील सत्तर माणसे मुसलमान आहेत. दगड आपलाच, पाऊस आपल्यासारखाच, तेच माड आणि तीच पोफळी. घरातील कर्ते पुरुष परगावी, ही तऱ्हाही आपलीच. आपले लोक आधी मुंबईला आणि बोटीवर गेले, मग आखातात गेले. त्यांचे लोक आधी ब्रह्मदेशात व सिलोनात गेले, मग आखातात गेले.

आता फरक पाहा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते, आणि मलप्पुरममध्ये ते ९३ टक्क्यांच्या वर होते. म्हणजे मलप्पुरम जवळजवळ सबंध केरळाच्या बरोबरीला होते, कारण त्या राज्याचा आकडा ९४ होता. साक्षरतेचे सोडा, जगण्यामरण्याचे पाहू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पहिला वाढदिवस न पाहता गेलेली बाळे भारतात २८ होती, आपल्या महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६. माझ्या मते एखाद्या राज्याचे राहणीमान मोजायला मोटारी आणि बंगले मोजू नयेत, हा आकडा पाहावा. ही दहा बाळे कोणाच्या तरी घरातली असतात.

यावर लगेच ऐकू येते की केरळाला गल्फचा पैसा मिळाला, म्हणून ते पुढे गेले. हे म्हणणे खरे नाही, आणि ते का खरे नाही हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण गल्फचा पैसा आपल्याही घरात आला आहे. आखातात तेलाचे भाव चढले १९७३ नंतर, आणि माणसांचा ओघ तिकडे लागला तो त्यापुढे. केरळ मात्र १९६१ च्या जनगणनेतच शंभरांत ५५ साक्षरांपर्यंत पोहोचले होते, त्या वेळी सबंध देश २८ वर होता. आणि केरळ तेव्हा श्रीमंत होते काय? मुळीच नाही. तेथील दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होते. १९७५ साली तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातील अर्थशास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांसाठी एक अहवाल तयार केला. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज हे त्या केंद्राचे प्रमुख आधारस्तंभ. त्या अहवालाने जगाला हेच दाखविले की एवढ्या कमी मिळकतीच्या मुलुखातही माणसे जास्त जगू शकतात, मुली शिकू शकतात, बाळे वाचू शकतात. पैसा नंतर आला. आला तेव्हा शाळा होती, म्हणून तो कारणी लागला.

मग हे घडले कसे? येथे केरळाचे दोन तुकडे लक्षात घ्यावे लागतील. १९५६ च्या नोव्हेंबरात केरळ राज्य झाले, त्यापूर्वी इंग्रजी अमलात दक्षिणेकडे त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने होती, आणि उत्तरेकडचे मलबार हा थेट इंग्रजांच्या ताब्यातील मद्रास इलाख्याचा एक जिल्हा होता. भाषा एक, जेवणखाण एक. पण त्रावणकोरात १८१७ साली राणी गौरी पार्वतीबाईंनी फर्मान काढले की प्रजेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा. फर्मान निघाले म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा उघडल्या असे नाही, त्याला पुढे अनेक दशके लागली, मिशनऱ्यांच्या शाळांचाही त्यात मोठा भाग होता. तरी दरबाराने शिक्षण हे आपले काम मानले. आपल्याकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी हेच केले. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले आणि मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे करण्यास हातभार लावला, हे या सभेत मुद्दाम सांगावयास हवे. मलबारात असा कोणी वाली नव्हता. मद्रास सरकारच्या लेखी तो एका टोकाचा, सारा देणारा जिल्हा होता.

परंतु केवळ फर्मानाने काही होत नाही, हे त्रावणकोरातच दिसून आले. सरकारी शाळा होत्या, पण पुलया जातीच्या मुलांना तेथे शिरू देत नसत. तेव्हा अय्यनकाळी नावाच्या, स्वतः अक्षरशत्रू असलेल्या पुढाऱ्याने १९०७ च्या सुमारास आपल्या माणसांना सांगितले की आमची मुले शाळेत घेईपर्यंत तुमच्या शेतात पाय ठेवायचा नाही. शेतमजुरांचा संप मजुरी वाढावी म्हणून होतो हे आपण जाणतो, हा संप मुलांच्या शाळेसाठी झाला. लोक उपाशी राहिले, पण भात लावावयास गेले नाहीत. ऊरुट्टंबलम येथे पंचमी नावाच्या मुलीला घेऊन अय्यनकाळी शाळेत गेले, तर त्या शाळेलाच आग लावण्यात आली. शेवटी सरकारला हुकूम अमलात आणावा लागला. उपाशी राहून शाळा मागणाऱ्या माणसाच्या नातवाची शाळा पुढे कोणी सहजासहजी बंद करू शकत नाही.

त्याच काळात वक्कम मौलवी म्हणून ओळखले जाणारे मुहम्मद अब्दुल कादिर मौलवी त्रावणकोरात काम करीत होते. त्यांनी १९०५ साली 'स्वदेशाभिमानी' नावाचे वर्तमानपत्र काढले, आणि १९१० साली दरबाराने त्यांचा छापखाना जप्त केला. तरी त्यांनी दरबाराशी बोलणे सोडले नाही. मुसलमान आईबाप मुलांना सरकारी शाळेत का धाडीत नाहीत, याचा त्यांनी विचार केला. दीनी तालीम सुटेल ही धास्ती होती. मौलवीसाहेबांनी खटपट करून, जेथे मुसलमान मुले आहेत तेथे सरकारी शाळांतच अरबी शिकविण्याची सोय करून घेतली. घरची धास्ती गेली आणि मुले येऊ लागली, मुलीही येऊ लागल्या. सरकारने समाजाच्या रीतीकडे एक पाऊल टाकले, आणि रीत बदलली. हे मी अशासाठी सांगतो की रीत म्हणजे काही रक्तात असलेली गोष्ट नव्हे.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मलबारचे मोपले, म्हणजे मापिला मुसलमान. १९२१ च्या उठावानंतर या समाजावर जो वरवंटा फिरला, त्यात हजारो मेले, हजारो तुरुंगात व अंदमानात गेले. इंग्रजी शाळा ही शत्रूची शाळा, ही भावना आधीपासून होतीच, ती आणखी घट्ट झाली. त्या वेळी कोणी म्हणाला असता की हा समाज कधी शिकावयाचा नाही, तर ऐकणाऱ्यांनी मान डोलावली असती. आणि आज?

मध्ये काय घडले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. १९४८ साली कोळिकोडजवळ फारूक कॉलेज निघाले. १९५७ साली राज्यात निवडून आलेल्या पहिल्या सरकारने शिक्षण आणि जमीन या दोन विषयांना एकदम हात घातला. ते सरकार १९५९ साली बरखास्त झाले, पण विषय मागे पडले नाहीत. १९६४ साली डॉ. पी. के. अब्दुल गफूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळिकोडला मुस्लिम एज्युकेशनल सोसायटी स्थापन केली, आपल्या या संस्थेसारखीच, सभासदांच्या वर्गणीवर. १९६७ साली सी. एच. मुहम्मद कोया शिक्षणमंत्री झाले, १९६८ साली कोळिकोड विद्यापीठ निघाले, आणि त्याची जागा मलप्पुरमच्या मुलुखात तेंजिपालम येथे धरली. १९६९ साली मलप्पुरम हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ जानेवारी १९७० पासून जमीनसुधारणेचा कायदा लागू झाला, आणि कुळांना जमीन तर मिळालीच, पण दुसऱ्याच्या आवारात झोपडी बांधून राहणाऱ्या खेड्यातील मजुरालाही राहत्या जागेभोवतीची दहा सेंट, म्हणजे आपले चार गुंठे, जागा स्वतःच्या नावाने विकत घेण्याचा हक्क मिळाला. कोकणातील माणसाला चार गुंठ्यांचे मोल समजावून सांगावे लागत नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली तेव्हा आपल्या वाडवडिलांची मान कशी सरळ झाली, हे घरोघरी सांगितले जाते. ज्याला कोणी उद्या उठ म्हणू शकत नाही, तोच मुलाला परवा शाळेत पाठविण्याचा बेत करतो.

या यादीत सरकार कोठे संपते आणि समाज कोठे सुरू होतो, हे मला तरी वेगळे काढता येत नाही. कॉलेज समाजाने काढले, शिक्षकांचे पगार सरकारने दिले, मंत्र्याला मते समाजाने दिली, विद्यापीठ मंत्र्याने दिले.

आता आरोग्याचे पाहू. जोन मेंचर नावाच्या एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केरळ व तामिळनाडूच्या खेड्यांत पुष्कळ वर्षे काम केले. १९८० साली त्यांनी एका लेखात जे लिहिले त्याचा मतलब असा: केरळात प्राथमिक आरोग्य केंद्रावर चार-दोन दिवस डॉक्टर आला नाही, तर कलेक्टर कचेरीवर मोर्चा जातो. शेजारच्या राज्यांतही केंद्रे होती, इमारतीही तशाच होत्या, पण मोर्चा नव्हता. आता आपल्याकडचे सांगतो. माझ्या पाहण्यातील एका आरोग्य केंद्रावर डॉक्टरची जागा दीर्घकाळ रिकामी होती. गावाचे नाव घेत नाही, ते कोणतेही समजा. तेथील लोक काय करीत? ज्याच्याकडे परदेशाचा पैसा तो रिक्षा करून शहरातील खाजगी दवाखान्यात जाई. ज्याच्याकडे पैसा नाही तो कोणाकडून तरी उसने घेई. तक्रारीचा एक अर्ज कोणी केला नाही. ज्यांना अर्ज लिहिता येत होता त्यांना त्या डॉक्टरची गरज उरली नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांना आपण अर्ज करावयाचा असतो हे कोणी सांगितले नव्हते. मला आपल्या समाजातील पैशाची काळजी वाटते ती या कारणाने. पैसा येतो, तो आपल्याला सरकारी शाळेतून आणि सरकारी दवाखान्यातून बाहेर काढतो, आणि मागे राहिलेल्यांसाठी बोलणारे कोणी उरत नाही.

मोर्चा काढण्याची ही सवय तेथे कोठून आली, याची उत्तरे पुष्कळ आहेत, पण मला एक फार आवडते. कन्नूरकडे विड्यांचे मोठे कारखाने होते. विड्या वळताना हात गुंतलेले, कान मोकळे. तेव्हा कामगार आपल्यातल्याच एकाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयास बसवीत, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत किंवा वर्गणी काढून त्याची मजुरी भरीत. विड्या आपल्याकडे सिन्नरलाही वळल्या गेल्या आणि सोलापुरातही. वाचनालयांचेही तसेच. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने १९४५ साली ४७ गावठी वाचनालये एकत्र आणून संघ स्थापन केला, तो पुढे राज्यभर पसरला. पुढे १९९० साली एर्नाकुलम जिल्हा आणि १८ एप्रिल १९९१ रोजी सबंध केरळ साक्षर जाहीर झाले, तेव्हा कोळिकोडच्या सभेत ती घोषणा करण्याचा मान कोणाला दिला? मंत्र्याला नव्हे. मलप्पुरम जिल्ह्यातील चेलक्कोडन आयिशा या प्रौढपणी अक्षरे शिकलेल्या मुसलमान बाईंना. माझ्या माता-भगिनींनो, हे नाव लक्षात ठेवा.

केरळ म्हणजे जन्नत आहे, असे कोणी समजू नये. शिकलेल्या मुलांना तेथे काम मिळत नाही, म्हणून तर ती आखातात जातात. दारूचे व्यसन मोठे आहे. हुंडा शिक्षणाने गेला नाही. शिकलेल्या मुलाचा भाव वाढतो, हा अनुभव त्यांनाही आहे आणि आपल्यालाही. पदवीधर मुली घरी बसून आहेत. आणि ज्या जमीनसुधारणेचे मी कौतुक केले, तिने वायनाड व अट्टप्पाडीच्या आदिवासींना फारसे काही दिले नाही, कारण ते कोणाचे कूळही नव्हते आणि त्यांच्या बाजूने ओरडणारेही कमी होते. धोरण ज्याच्यासाठी कोणी भांडतो त्याच्यापर्यंत पोहोचते, हे येथेही दिसले, उलट्या बाजूने.

आता थोडे आपल्या घरचे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटले आहे की देशातील सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत गेलाच नाही किंवा मध्येच गळला. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. आपल्या मुली तर गुणांत पुढे आहेत, आज बक्षिसे घ्यावयास कोण कोण आले ते आपण पाहिलेच. पण दहावीनंतर काय? गावात कनिष्ठ महाविद्यालय नाही, तालुक्याला जाणारी एस.टी. सकाळी लवकर आणि परतीची उशिरा, म्हणून मुलगी घरी. वडील मस्कतहून फोनवर सांगतात, नको पाठवू. याला आपण 'आपली रीत' म्हणतो. पण विचार करा, ही रीत आहे की एस.टी.चे वेळापत्रक? आगारप्रमुखाकडे चाळीस पालकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन गेले आणि गाडी साडेचारला सुटू लागली, तर यातल्या किती घरांची रीत टिकेल? काहींची टिकेल, हे मी मान्य करतो. सर्वांची टिकणार नाही.

आपल्या मोहल्ल्यात जमात आहे. मशिदीचे रंगकाम असो, गरिबाच्या मुलीचे लग्न असो, जमात आठ दिवसांत पैसे उभे करते, परदेशातील माणसे हात आखडत नाहीत. ही केवढी मोठी ताकद आहे! कित्येक राज्यांत सरकारला अशी संघटना पैसे खर्चूनही उभी करता येत नाही. पण त्याच जमातीच्या बैठकीत जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा, आरोग्य केंद्रातील औषधे, एस.टी.ची वेळ, हे विषय निघतात काय? निघाले तर 'ते सरकारचे काम' म्हणून बाजूला पडतात. सरकारचेच काम आहे ते. म्हणून तर सरकारकडे ते मागावयाचे.

आणि यासाठी मोर्चाच काढला पाहिजे असेही नाही. दार उघडून ठेवलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, पण जिल्हा परिषदेच्या शाळांत तिला शाळेचा आराखडा करण्याचा आणि अनुदान कसे खर्च होते हे पाहण्याचा अधिकार आहे. आपल्याकडील कर्ते पुरुष परदेशी, म्हणून घर बायकाच चालवितात. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. तेव्हा या समितीत बसावयास, प्रश्न विचारावयास माणसे कोठून आणावी हा प्रश्न आपल्याला पडू नये. मी काही ठिकाणी चौकशी केली, तेव्हा समितीचे रजिस्टर घरी पाठवून सह्या घेतल्या जातात असे कळले. सही करणाऱ्या बाईला आपण कशावर सही केली हे ठाऊक नव्हते.

येथे बसलेल्या भगिनींपैकी ज्यांची नावे अशा समितीत आहेत, त्यांनी पुढच्या वेळी रजिस्टर घरी आले तर ते परत पाठवावे आणि बैठक कोणत्या दिवशी, किती वाजता आहे एवढेच विचारावे. विद्यार्थी मित्रांनी त्या दिवशी आईला सोडावयास शाळेपर्यंत जावे, आणि तिला वाचावयास अडचण पडली तर मागील ठराव वाचून दाखवावा.